जंगलाने पळ काढला त्या दिवसाची गोष्ट

एका जंगलात सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं.

आता जंगलात घड्याळ कुठून आलं, असं विचारू नका बाळांनो. कोल्हेसरांच्या हातात होतं. कोल्हेसर काही दिवस शहराच्या कडेला राहून आले होते, आणि शहराच्या कडेला राहून आलेला माणूस असो की कोल्हा, रिकाम्या हाताने परत येत नाही. कुणी खोकला आणतं, कुणी खूळ. कोल्हेसरांनी घड्याळ आणलं आणि वर खूळही आणलं.

घड्याळ बंद पडलेलं होतं. सहा वीसवरच अडकून बसलं होतं. म्हणून तर वेळ इतकी नक्की सांगता येते.

खूळ मात्र चालू होतं.

ते खूळ असं. महिनाभर रोज एक चित्र काढायचं. शाईनेच काढायचं. खोडायचं नाही. रोज सकाळी एक शब्द मिळणार, आणि त्या शब्दाचं चित्र दिवस मावळायच्या आत वडाला लागलं पाहिजे. एक दिवस जरी चुकला तरी नाव कमी. महिन्याअखेर बक्षीस.

"पण कशासाठी?" असं साळूआत्याने विचारलं. साळूआत्या म्हणजे साळिंदर. अंगावर काटेच काटे, आणि मनात काही नाही.

"अंगाला वळण लागतं," कोल्हेसर म्हणाले. "शहरात सगळे करतात."

शहरात सगळे करतात म्हटल्यावर साळूआत्या गप्प बसली. तुमच्या आमच्या घरातही असंच होतं की नाही?

मग तयारी झाली. जळक्या खोडाची काजळी खरवडली, कोल्हेसरांनी खणलेल्या खड्ड्यात ती बाभळीचा डिंक आणि पाणी घालून खलली, शाई झाली. कागद म्हणून सागाची पानं घेतली. राहिली लेखणी. सगळ्यांनी साळूआत्याच्या पाठीकडे बघितलं.

पहिले काही दिवस आत्याने कौतुकाने काटे वाटले. लेखणी मोडली की पोरं यायची, "आत्या, एक द्या ना." पुढे पुढे आत्याची पाठ अशी दिसायला लागली, जशी कोंबडी सोलायला घ्यावी आणि अर्ध्यात पाहुणे यावेत.

शब्द सांगायचीही एक रीत होती. कोल्हेसर वडाखाली शब्द सांगायचे. तो ज्याच्या कानावर पडेल त्याने मोठ्याने पुढच्याला सांगायचा. "आज फूल काढा." त्याने त्याच्या पुढच्याला. "फूल काढा, फूल." असा तो शब्द ओढ्यापर्यंत जायचा. सगळं जंगल मग माना खाली घालून फूल काढत बसायचं.

कधी घोटाळेही व्हायचे. एकदा शब्द आला, "नाव काढा." बगळ्याने होडी काढली. वानरआजोबांनी स्वतःचं नाव काढलं, तेही चुकीचं. ससेवहिनींनी तर काहीच काढलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरांनी जन्मल्यापासून नाव काढलंय." मग कोल्हेसरांनी समजावून सांगितल्यावर त्यांनी घाईघाईत एक होडी काढली. ती करवंटीसारखी दिसत होती. तरी तिच्याखाली सगळ्यात जास्त पंजे उमटले.

पंजे म्हणजे काय, तर चित्र आवडलं की त्याखाली आपला पंजा शाईत बुडवून उमटवायचा. ससेवहिनी सगळ्यांच्या चित्राखाली उमटवायच्या. न बघता उमटवायच्या. म्हणून सगळे त्यांच्या चित्राखाली उमटवायचे. तेही न बघता. असा सगळा प्रेमाचा मामला.

याच जंगलात एक पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे हरणातलं सगळ्यात लहान हरीण. मांजराएवढं अंग, काडीएवढे पाय. तिला एक लेक होती, तिचं नाव ठिपकी. पिसोरीला स्वतःचंही नाव होतं, पण ठिपकी झाल्यापासून सगळे तिला ठिपकीची आई म्हणायचे. मूळ नाव काय होतं ते तिलाही जरा आठवावं लागायचं.

ठिपकीची आई फार काळजी करायची. झोपली तरी एक कान उभा. पाणी प्यायला गेली तर आधी ओढ्याच्या या काठाला बघायची, मग त्या काठाला, मग पाण्यात, आणि मग ठिपकी म्हणायची, "आई, आता तहानच गेली." पान वाजलं की ठिपकीची आई ठिपकीला पोटाखाली ओढायची. पान वाजलं नाही तर म्हणायची, "आज पानं का वाजत नाहीयेत?"

चित्रं तीही काढायची. ठिपकीसाठी. पण बसायची कडेला, आणि दर रेघेला मान वर. त्यामुळे रेघ कुठून तरी निघायची आणि कुठे तरी पोचायची. त्यात आणखी एक खोड होती. शब्द कुठलाही असो, तिच्या चित्रात मागच्या बाजूला दोन डोळे यायचेच.

"ठिपकीच्या आई, हे काय आहे?" ससेवहिनींनी एकदा विचारलं.

"फूल आहे."

"आणि हे मागे?"

"डोळे आहेत."

"कुणाचे हो?"

"बिबट्याचे."

"फुलामागे बिबट्या कशाला?"

"फुलामागे कोण बसलंय ते आपल्याला कुठे ठाऊक असतं वहिनी?"

ससेवहिनी इतक्या हसल्या की त्यांचा हात हलला आणि त्यांच्या फुलाला शेपूट आलं.

घागर काढा म्हटलं तर घागरीत डोळे. चंद्र काढा म्हटलं तर चंद्रालाच डोळे. सगळं जंगल वडापाशी येऊन आधी ठिपकीच्या आईचं चित्र बघायचं आणि म्हणायचं, "आज कुठे लपवलाय?" ठिपकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आई, एक तरी चित्र बिबट्याशिवाय काढ ना."

"बघते हं."

"बघते नको. काढ."

आता ठिपकीची आई उगाचच काळजी करत होती असंही नाही. जंगलात राखणीचं काम वानरआजोबांकडे होतं. उंबराच्या शेंड्यावर बसायचं, चारी बाजूंना बघायचं, आणि बिबट्या दिसला की खोकायचं. आजोबा खोकले की जंगल पळायचं. कितीतरी पिढ्या असंच चालत आलं होतं. पण आता आजोबाही शेंड्यावर बसून मांडीवर पान घेऊन चित्र काढायचे.

ठिपकीची आई एकदा उंबराखाली जाऊन उभी राहिली.

"आजोबा, मधून मधून वर बघता ना?"

"बघतो की. शाई वाळेपर्यंत बघतो."

"शाई लगेच वाळते हो."

"मग तेवढंच बघतो. तू कशाला जीव खातेस पोरी? कला शांत डोक्याने करायची असते."

"कला शांत डोक्यानेच करा आजोबा. पण डोकं वर ठेवा."

आजोबांना ते लागलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिचं चित्र मात्र बघून हसले.

तर असे दिवस चालले होते. शब्द संपत आले होते. फूल झालं, पान झालं, घागर, चंद्र, शिंग, शेपूट, सगळं झालं. एके दिवशी सकाळी कोल्हेसर वडाखाली डोळे मिटून बसले होते आणि त्यांना काही केल्या नवा शब्द सुचत नव्हता. सगळं जंगल शाई खलून, पानं पुढ्यात घेऊन वाट बघत होतं.

ठिपकी सगळ्यांच्या पुढे, ओढ्याकडच्या सपाट दगडावर बसली होती. दगड सपाट होता म्हणून नव्हे, तर आईपासून लांब म्हणून.

ठिपकीची आई ओढ्यावर गेली होती. शाईत पाणी कमी पडलं होतं. तिने या काठाला बघितलं. मग त्या काठाला बघितलं. आणि त्या काठाचं गवत हललं. वारा नव्हता.

गवतातून दोन डोळे दिसले. कुठल्या फुलामागे नव्हेत, खरेच.

पिसोरी घाबरली की पुढचे पाय जमिनीवर आपटते. तिने आपटले. खूप आपटले. ससेवहिनी लांबून म्हणाल्या, "ठिपकीची आई काजळी कुटतेय वाटतं. आपल्यालाही घालायला सांगा."

मग ती धावत सुटली. धावता धावता तिच्या तोंडून जेमतेम दोनच शब्द निघाले, तेही दमून तुटके.

"पळ काढा. पळ काढा सगळ्यांनी."

साळूआत्याच्या कानावर ते पडलं. आत्याने रीतीप्रमाणे पुढे सांगितलं. "आज पळ काढा."

"पळ काढा, पळ," ससेवहिनी म्हणाल्या.

"पळ काढायचा आहे," वानरआजोबा उंबरावरून ओरडले. आणि शब्द जंगलभर गेला. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लेखण्या शाईत बुडवल्या.

कोल्हेसरांनी डोळे उघडले. शब्द आपण दिलेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण शब्द चांगला होता. चांगला शब्द आपला नाही असं म्हणायची शहरात पद्धत नाही. ते म्हणाले, "हं. पळ. विचार करून दिलेला शब्द आहे. पळ म्हणजे क्षण. घटका, पळ, विपळ. काळाचा तुकडा. तो शाईत पकडायचा."

"काळाचा तुकडा कसा काढायचा हो सर?" साळूआत्याने विचारलं.

"तेच तर आव्हान आहे आत्या."

"मला वाटतं पळ म्हणजे पळणं," वरून वानरआजोबा म्हणाले. "मी धावणारा वानर काढतो."

"मी आपली पळी काढते," ससेवहिनी म्हणाल्या. "पळी मला चांगली जमते. आमटीची काढू की तेलाची?"

तोवर ठिपकीची आई येऊन पोचली होती. तिला धाप लागली होती. "अहो, चित्र नाही. पळ काढा म्हणजे पळा. बिबट्या आलाय. ओढ्यापाशी आहे."

मग ससेवहिनी हसायला लागल्या. त्यांच्यामागून सगळेच हसले.

"घ्या. पळातसुद्धा बिबट्या."

"यांना 'आंबा' दिला असता तर कोयीत निघाला असता."

"ही तुमची कल्पना झाली," कोल्हेसर समजुतीने म्हणाले. "चांगली आहे. पण ती रोजचीच आहे. यातून बाहेर पडा, ठिपकीच्या आई."

ती कोल्हेसरांशी बोलत बसली नाही. ती ठिपकीकडे धावली. ठिपकीने रेघ ओढायला घेतली होती.

"चल. ऊठ. आधी ऊठ."

"आई, गप्प ना. सगळे हसतायत."

"हसू दे. चल."

"मी नाही येणार. आज माझं एक तरी चित्र नीट होऊ दे."

तिने लेकीचा कान तोंडात धरून ओढला. ठिपकीने चारही पाय दगडावर रोवले. तुम्हाला ठाऊक आहे बाळांनो, काडीएवढे पायसुद्धा एकदा रोवले की आईच्याने हलत नाहीत. तुम्हीही रोवता.

आणि तेवढ्यात बिबट्या गवतातून बाहेर आला.

त्याला मरणाची भूक लागली होती. त्याने उडी मारायला अंग आवळलं. पण समोर बघतो तर कुणी पळत नाही. सगळ्या माना खाली. त्याला काही कळेना. त्याने आजवर या जंगलात सगळ्यांच्या फक्त पाठी बघितल्या होत्या.

मान फक्त ठिपकीने वर केली. बिबट्या तिने आजवर आईच्या चित्रातच बघितला होता. तिला वाटलं बिबट्या हा शाईचाच असतो.

"काका," ती म्हणाली, "जरा तसेच थांबा ना. हलू नका."

बिबट्या थांबला. त्याला आयुष्यात कुणी थांबा म्हणालं नव्हतं.

आवाज ऐकून एकेकाने मान वर केली. ससेवहिनींच्या हातातली लेखणी गळून पडली. वानरआजोबांना खोकायचं होतं, पण घसा कोरडा पडला होता. कोल्हेसरांची शेपूट पोटाखाली गेली.

आता पळतील सगळे, हे ठिपकीच्या आईला कळलं. आणि आता पळाले तर काय होईल, हेही कळलं. पळणाऱ्यामागे बिबट्या धावतो. धावायला निघाला की त्याच्या वाटेत सगळ्यात आधी तो सपाट दगड. आणि दगडावर ठिपकी.

इतका वेळ जी पळा पळा म्हणत होती, ती एकदम शांत आवाजात म्हणाली, "कुणी पळ काढू नका. चित्र काढा."

कुणी हललं नाही.

बिबट्याने विचारलं, "हे काय चाललंय?"

"प-पळ काढतोय आम्ही," ससेवहिनी म्हणाल्या.

"मला तर कुणी पळताना दिसत नाही."

"चित्र, साहेब," कोल्हेसर म्हणाले. "पळाचं. म्हणजे काळाचं. म्हणजे आपलंच. आपणच आमचे काळ."

बिबट्याचे कान पुढे झाले. "माझं चित्र?"

"तुमचंच भाऊ," ठिपकीची आई म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. "तुमचा चेहरा आमच्यातल्या कुणी नीट बघितलेलाच नाही ना. आम्ही बघायच्या आत निघालेले असतो. आज जरा बसा निवांत."

"बसू?"

"उभ्याने कशाला? बसा. असे नाही. तो मागचा उजवा पाय पूर्ण अंगाखाली घ्या. हां. आणि भार त्याच्यावरच द्या. रुबाब येतो."

बिबट्याने पाय अंगाखाली घेतला आणि मान ताठ केली. खरंच रुबाबदार दिसला मेला.

मग सगळं जंगल चित्र काढायला लागलं. हात असे थरथरत होते की कुणाच्याही पानावर सरळ रेघ नव्हती. फक्त ठिपकी मन लावून काढत होती. डोकं झालं, पाठ झाली, शेपटी झाली.

"झालं का?" बिबट्याने विचारलं.

"ठिपके राहिलेत काका."

"ठिपके तर काढलेच पाहिजेत," ठिपकीची आई म्हणाली. "ठिपक्यांशिवाय तुम्हाला लोक मांजर समजतील." मग ती लेकीजवळ वाकून म्हणाली, "सावकाश काढ बाळा. घाई नको करू."

ठिपकीने आईकडे असं बघितलं, जसं आईला ताप आलाय. कारण लवकर आवर, लवकर गिळ, लवकर चल, यापलीकडे या आईच्या तोंडून तिने कधी काही ऐकलं नव्हतं.

ऊन चढत गेलं. बिबट्याची भूक वाढत गेली, पण चित्राची हौसही वाढत गेली. मध्येच तो हलायला लागला की ठिपकीची आई म्हणायची, "भाऊ, मिशा राहिल्यात." पुन्हा हलला की म्हणायची, "त्या कानामागचा एक ठिपका फार सुंदर आहे, तो चुकला तर जन्मभर हळहळ वाटेल."

आणि सगळा वेळ ती त्याच्या उजव्या पायाकडे बघत होती.

ठिपकी तान्ही असताना आईच्या पायावर डोकं ठेवून झोपायची. ती जागी होईल म्हणून आई हलायची नाही. पाय जड व्हायचा, मग बधिर व्हायचा, मग आपला आहे की दुसऱ्याचा ते कळायचं नाही. एकदा तशीच उठायला गेली आणि तोंडावर आपटली. अंगाखाली दाबून ठेवलेल्या पायाचं काय होतं, हे आयांना कुणी शिकवावं लागत नाही. बिबट्याला पोरं झाली की तो त्यांच्याकडे फिरकत नाही. त्याला ते कुठून ठाऊक असणार?

होता होता बिबट्याच्या शेपटीचं टोक थरथरलं. मग त्याचं तोंड जरासं वाकडं झालं. त्याने दात आवळले. मुंग्या आल्या होत्या. पण रुबाब सोडवत नव्हता.

ठिपकीच्या आईने एक श्वास घेतला.

"शाई ओली आहे," ती मोठ्याने म्हणाली. "सावलीत राहिली तर पसरेल आणि चित्र फुकट जाईल. सगळ्यांनी आपापलं पान उन्हात न्या. करवंदीच्या जाळीतून पलीकडच्या खडकावर. चित्र गेलं तर दिवस गेला, आणि दिवस गेला तर नाव कमी होईल. धावा."

ती करवंदीची जाळी म्हणजे नुसते काटे. खालून एक भोक होतं, त्यातून लहानच काय ते जाऊ शकत होतं. कोल्हेसर श्वास रोखून जेमतेम जायचे.

ससेवहिनी पोरांना पुढे घालून सुटल्या. साळूआत्या सुटली. कोल्हेसर तर सगळ्यांच्या पुढे होते. ते बिबट्याला भिऊन पळाले की नाव कमी व्हायला भिऊन, ते मला विचारू नका. पण ठिपकी चित्रासाठीच पळाली. पान तोंडात आडवं धरून, शाई पुसली जाऊ नये म्हणून मान वर करून, अशी पळाली की आईला गाठता येईना.

"अरे, मला दाखवा तरी," बिबट्या म्हणाला आणि उठला.

म्हणजे पुढून उठला. मागचा उजवा पाय उठलाच नाही. तो कोलमडला तो थेट कोल्हेसरांच्या शाईच्या खड्ड्यात. तोंड वर काढलं तेव्हा अर्धा बिबट्या काळा झाला होता, आणि त्या अर्ध्यावर ठिपका म्हणून दिसत नव्हता.

तोवर ठिपकीची आई शेवटी जाळीतून आत शिरली होती. पलीकडे खडकावर ठिपकी पानावर फुंकर घालत बसली होती. आई तिच्या शेजारी जाऊन मटकन खाली बसली. आता थरथरायला हरकत नव्हती. ती बराच वेळ थरथरली.

"आई, सावली पडतेय चित्रावर," ठिपकी म्हणाली.

आई बाजूला सरकली.

बिबट्या लंगडत लंगडत निघून गेला. संध्याकाळी वडाखाली मोठी सभा भरली.

"आज आपण काय बघितलं?" कोल्हेसर म्हणाले. "कलेपुढे हिंसा नमते, हे बघितलं. आपले बापजादे बिबट्या दिसला की पळायचे. आपण पळालो नाही. आपण काढला."

सगळ्यांनी पंजे आपटले.

"मी वरून सगळं बघतच होतो," वानरआजोबा म्हणाले. "मुद्दामच खोकलो नाही. म्हटलं, चित्रात भंग नको."

ससेवहिनींच्या चित्रात एक पळी होती आणि पळीला मिशा होत्या. तिच्याखाली सगळ्यात जास्त पंजे उमटले. ठिपकीच्या बिबट्याखालीही बरेच उमटले. ठिपकी नुसती नाचत होती.

मग कोल्हेसरांनी वडाकडे नीट बघितलं. "एक पान कमी आहे. ठिपकीच्या आई, तुमचं?"

"नाही काढलं."

"का बरं?"

"वेळ नाही झाला."

"एका पळाचीसुद्धा सवड नाही?" कोल्हेसर म्हणाले, आणि आपल्याच कोटीवर हसले. मग सगळे हसले. "वाईट वाटतं, पण नियम तो नियम. तुमचं नाव कमी."

"पोरं सांभाळून आम्ही नाही का काढत?" ससेवहिनी म्हणाल्या.

"खरं आहे वहिनी," ठिपकीची आई म्हणाली. बोलता बोलता तिने ससेवहिनींची पिल्लं एकेक करून नजरेने चाचपली. सगळी होती. मग तिला बरं वाटलं.

ठिपकीला मात्र रडू आलं. "सगळ्यांच्या आईचं झालं. तुझंच राहिलं. एवढा खरा बिबट्या समोर आला, रोज काढतेस, आणि आजच नाही काढलास?"

आईने तिच्या पाठीवरची काजळी चाटून काढली.

"पुढच्या खेपेला आपण त्यांना पुन्हा बोलावू," कोल्हेसर उत्साहाने सांगत होते. "आज उजव्या बाजूने झाले. डाव्या बाजूने राहिलेत."

"बोलवा की," ठिपकीची आई म्हणाली. "पण त्यांना बसवणार कोण?"

कोल्हेसर घड्याळ बघायला लागले. घड्याळात सहा वीस झाले होते. वानरआजोबांना एकदम खोकला आला. तो इतका वेळ कुठे होता कोण जाणे.

शेवटी साळूआत्या हळूच तिच्याजवळ सरकली. पाठ उघडी पडल्यामुळे आत्याला हल्ली फार थंडी वाजायची.

"काय गं," ती म्हणाली, "तू उद्या येशील ना? चित्र नको काढू. नुसती आमच्याजवळ उभी राहा."

"माझं नाव कमी झालंय ना आत्या?"

"नाव कमी झालंय गं. उभं राहायला नाव कशाला लागतं?"

ती गेली का, असं विचाराल. गेली. न जाऊन करते काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या माना खाली गेल्या तेव्हा एक मान वर होती. महिना संपेपर्यंत वरच होती. बक्षीस ससेवहिनींना मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, काळजी करू नये. काळजीने हात थरथरतो आणि रेघ वाकडी येते. काळजी करणारी एखादी शेजारीण तेवढी जवळ बाळगावी, आणि तिचं नाव वेळेवर कमी करावं.

आणि हो, ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवू नका, पुढच्याला सांगा. तो मान खाली घालून बसलेला असेल, तेव्हा मोठ्याने सांगा. आणि खरंच मागून काही येत असेल, तर शब्द नीट वापरा. 'पळ काढा' म्हणू नका. नुसतं 'पळा' म्हणा.